शिबिर नव्हे, साखळी हवी : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रश्न



कर्करोग झाला की मुंबईची गाडी धरावयाची, हीच वाराणसी आणि पूर्वांचलातील गरिबांची वर्षानुवर्षांची वाट होती. २०१८ साली लहरतारा येथे टाटा स्मारक केंद्राचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय सुरू झाले. २०१९ साली काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र उभे राहिले. उपचार जवळ आला. परंतु रोग वेळीच हुडकण्याचे काम रुग्णालयाच्या भिंतींआड होत नाही.

मोठ्या आतड्याचा कर्करोग एका रात्रीत उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर मांसल कोंब उगवतो. त्याचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वर्षे वा अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधीत तो दुर्बिणीतून काढला, तर रोगच टळतो. शौचातील अदृश्य रक्त साध्या चाचणीने कळते. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून ५५ ते ७५ वयाच्या नागरिकांना दर दोन वर्षांनी या चाचणीचा संच घरपोच पाठविला जातो. रक्त आढळले की कोलोनोस्कोपीसाठी बोलावले जाते. यादी, बोलावणे, चाचणी, निदान, उपचार ही ती साखळी होय.

भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक चौकटीत ३० ते ६५ वयोगटासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे. मोठे आतडे त्यात नाही. येथे या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी आहे, हे खरे. परंतु ज्या तीन रोगांचा समावेश झाला, त्यांची तरी अवस्था काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झाली होती. कागदावर चौथे नाव वाढविल्याने हे चित्र पालटणार नाही.

पालटू शकते, याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गटातील मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, हे २००९ साली जगापुढे आले. तेथे यादी होती, बोलावणे होते आणि दोष आढळलेल्या स्त्रीला उपचारही होते.

तात्पर्य, क्रम स्पष्ट आहे. शौचावाटे रक्त जाणाऱ्या रुग्णाला निव्वळ मूळव्याध म्हणून परत पाठविणे प्रथम थांबले पाहिजे. भारतात गुदाशयाचा कर्करोग तरुणांनाही गाठतो. जिल्हा रुग्णालयात कोलोनोस्कोपी आणि ती करणारा प्रशिक्षित डॉक्टर विनामूल्य उपलब्ध हवा. घरोघरी यादी करणाऱ्या आशा सेविकेला तुटपुंज्या मोबदल्याऐवजी वेतन हवे. या पायावर अधिक धोका असलेल्या कुटुंबांपासून आतड्याची तपासणी सुरू करावी व टप्प्याटप्प्याने वाढवावी. रक्त आढळूनही पुढची दुर्बीण मिळणार नसेल, तर ती चाचणी रुग्णाला केवळ भीती देते.

एका दिवसाच्या शिबिराचे छायाचित्र वृत्तपत्रात छापून येते. साखळीचे येत नाही. प्राण मात्र साखळीच वाचविते. ती उभारणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि तिचा तगादा लावणे हे संघटित जनतेचे काम आहे.