चिंच कोणी लावायची?



व्याख्यात्यासमोर तांब्या-भांडं ठेवायची रीत आपल्याकडं जुनी आहे. आज माझ्यासमोरचा हा तांब्या स्टीलचा आहे. नाव उरलं, धातू गेला. यात संयोजकांचा दोष नाही. तांब्याला आठवड्याला चिंच लावून घासायचं कोणी, हा प्रश्न आमच्याही घरी सुटलेला नाही. जंतुरोधक साहित्य बनवणाऱ्या कंपन्या वाढतात कशा, हा आजचा विषय, आणि माझ्या मते त्याची अर्धी गोष्ट या चिंचेत आहे.

१९८३ सालची हकिगत. अमेरिकेत ईरी इथल्या हॅमट रुग्णालयात फिलिस कून सफाई कर्मचाऱ्यांना शिकवत होत्या. दारांच्या मुठींवर जंतू किती, हे त्यांनी तपासायला लावलं. काळवंडलेल्या पितळी मुठींवर जंतू अगदी थोडे निघाले आणि लखलखीत स्टेनलेस स्टीलवर रग्गड! पितळेत तांबं असतं, आणि तांबं जंतूंना मारतं.

कोणालाही वाटेल, आता तांबेवाल्यांची चांदीच झाली. पण अमेरिकेत ‘ही वस्तू रोगजंतू मारते’ असं म्हणायचं तर कायद्यानं ती कीटकनाशकांच्या पंगतीत बसते आणि पर्यावरण संरक्षण संस्थेकडं तिची नोंदणी लागते. ती नोंदणी तांब्याच्या मिश्रधातूंना मिळाली २००८ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. नियमित सफाई केली तर ठरावीक जीवाणूंपैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक दोन तासांत मरतात, एवढं म्हणायची मुभा. पुढं २०१३ मध्ये तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतला अभ्यास छापून आला. खाटेचे कठडे, सलाईनचे स्टँड अशा वस्तू तांब्याच्या केलेल्या खोल्यांत संसर्गाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी दिसलं. इतका पुरावा या धंद्यात क्वचितच कोणाकडं असतो.

तरीही तुम्ही-आम्ही जातो त्या रुग्णालयात कठडा स्टीलचा किंवा प्लास्टिकचाच. कारण तांबं महाग, आणि ते काळं पडतं. काळा कठडा पाहून पेशंटचे नातेवाईक सफाईवाल्याशी भांडणार. शिवाय इमारतीचा खर्च एका खात्यातून होतो आणि संसर्गावरच्या औषधांचा दुसऱ्याच खात्यातून. पैसे वाचणार एकाचे, जाणार दुसऱ्याचे. चिंच कोणी लावायची?

आता दुसरी वाट बघा. मायक्रोबॅन ही अमेरिकी कंपनी १९८० च्या दशकातली. तिची खुबी अशी की ती वस्तू विकतच नव्हती. वस्तूत मिसळायचं द्रव्य आणि वेष्टनावर छापायचं नाव, एवढंच ती विकायची. भाजी चिरायचा बोर्ड, खेळणी, मोजे, काहीही चालेल. प्लास्टिकवाल्याला साचा बदलायला नको, मशीन बदलायला नको. दाण्यात थोडं मास्टरबॅच, म्हणजे ते द्रव्य आधीच घातलेले दाणे, टाकलं की झालं. दुसऱ्याच्या कारखान्यावर, दुसऱ्याच्या दुकानावर आपला धंदा वाढवायचा. वाढीचं याहून स्वस्त गणित मला तरी ठाऊक नाही.

पण त्यात एक मेख होती. वस्तूला कुबट वास येऊ नये, बुरशी धरू नये म्हणून द्रव्य मिसळलं तर नोंदणीतून सूट आहे. म्हणजे ‘वस्तू सुरक्षित’ म्हणा, ‘तुमचं मूल सुरक्षित’ म्हणू नका. सगळा धंदा या दोन वाक्यांमधल्या फटीतून चालतो. हॅस्ब्रो कंपनीच्या मायक्रोबॅन मिसळलेल्या खेळण्यांची जाहिरात ही फट ओलांडून गेली, आणि १९९७ मध्ये त्या कंपनीला १,२०,००० डॉलर भरावे लागले. त्या खेळण्यांतलं ट्रायक्लोसन हे द्रव्य पुढं २०१६ मध्ये तिथं हात धुण्याच्या घरगुती साबणांतून हद्दपार झालं. द्रव्य बदनाम झालं, तरी मायक्रोबॅन हे नाव टिकलं: २०२० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं त्याच नावानं जंतुनाशक फवारे बाजारात आणले. एका रसायनावर सगळा डाव लावणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

जपानची गोष्ट वेगळी. १९९६ मध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ-१५७ जीवाणूची साथ पसरली, हजारो मुलं आजारी पडली. देशभर जंतुरोधक वस्तूंची झुंबड उडाली, पेनसुद्धा जंतुरोधक! तेव्हा शहाण्या उद्योजकांनी १९९८ मध्ये संघटना काढली, वस्तूंवर छापायची खूण ठरवली. २००० मध्ये चाचणीचं राष्ट्रीय मानक आलं, आणि २००७ मध्ये त्याच धर्तीवरचं आंतरराष्ट्रीय मानकही. भोंदूंना बाजूला काढायची सोय प्रामाणिकांनीच केली.

मात्र ही चाचणी कशी होते? जंतूंचं पाणी नमुन्यावर टाकून वर पातळ फिल्म झाकायची आणि ३५ अंशांवर, दमट हवेत चोवीस तास ठेवायचं. बँकेचं काउंटर असं चोवीस तास ओलं असतं का? अशा वस्तूंत पुष्कळदा चांदी असते, आणि चांदीचे आयन बाहेर यायला ओल लागते. म्हणून कोणी ‘९९ टक्के’ म्हणाला की मी विचारतो, पाणी किती होतं आणि वेळ किती दिला?

हाच प्रश्न मोठी गिऱ्हाइकंही विचारू लागली. अमेरिकेतल्या कायझर पर्मनेंटे या अवाढव्य रुग्णालय-संस्थेनं २०१५ मध्ये ठरवलं की जंतुरोधक रसायनं मिसळलेलं फर्निचर, पडदे, रंग घ्यायचे नाहीत. अशा रसायनांनी रोग कमी होतात याचा पुरावा नाही, असं तिचं म्हणणं.

आपल्याकडं २०२० मध्ये काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. अरविंद या कापड कंपनीनं हाइक या स्विस कंपनीचं व्हायरोब्लॉक वापरून विषाणूरोधक कापड आणलं. तिकडं भिवंडीत ‘कोरोनाविरोधी’ गादीच्या जाहिरातीवरून गुन्हा दाखल झाला. भीतीवर उभी राहिलेली मागणी भीतीबरोबर ओसरते. मला विचाराल तर लहान कारखानदारानं वासाकडं आणि बुरशीकडं बघावं. कोकणातल्या जुलैत कपाटातली चप्पल हिरवी पडते की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या नाकानं आणि डोळ्यांनी खात्री करून घेतं.

परवा एक तरुण कारखानदार मोज्यांचा अहवाल घेऊन आला. नव्या मोज्याचा आकडा झकास होता. मी म्हटलं, पन्नास धुण्यांनंतरचा दाखव. तो म्हणाला, ‘‘काका, तो कोणी मागतच नाही.’’

आता तुमचे प्रश्न घेऊ. तोवर मी घोटभर पाणी पितो.