'पहले आप' आणि संगणक

लखनौच्या त्या दोन नवाबांचा किस्सा आपण ऐकलाच असेल. फलाटावर दोघे 'पहले आप, पहले आप' करत राहिले आणि गाडी निघून गेली. संगणकातही असे नवाब असतात. तिथे एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात आणि ती एकमेकांना निरोप पाठवतात. दोघेही निरोपाची वाट पाहत बसले, की सारे तिथेच थिजते. याला डेडलॉक म्हणतात. चाचणीत हा दोष सापडेलच असे नाही. शंभर वेळा सुरळीत चालते आणि एखाद्या वेळी निरोपांचा क्रम किंचित बदलतो. तेवढ्याने खात्यातून पैसे वजा होऊन नोटा आतच राहू शकतात.

१९९३ साली जपानच्या कोहेई होंडा यांनी एक मार्ग सुचवला. प्रोग्रॅममध्येच संभाषणाचा आराखडा लिहायचा. ग्राहकाने पुस्तकाचे नाव पाठवावे, किंमत घ्यावी, मग 'हो' किंवा 'नको' कळवावे. दुकानदाराचा आराखडा नेमका उलटा: नाव घ्यावे, किंमत पाठवावी आणि दोन्ही उत्तरांची तयारी ठेवावी. एकाचे देणे ते दुसऱ्याचे घेणे. हे जुळले नाही, तर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच नाकारला जातो. नकार ऐकण्याचीही सक्ती करणारे हे गणित मला, कवी म्हणून, फार आवडले. आम्हाला तर फक्त 'वाहवा'चीच सवय!

खरी पंचाईत तिसरा आला की होते. दोन मित्र मिळून पुस्तक घेतात. दुकानदार दोघांना किंमत सांगतो, पहिला दुसऱ्याला 'मी इतके देईन' म्हणतो, दुसरा दुकानदाराला निर्णय कळवतो. जोडीजोडीने पाहिले तर सगळे बिनचूक. तरीही तिघे गोलाकार एकमेकांची वाट पाहत बसू शकतात. म्हणून २००८ साली होंडा, नोबुको योशिदा आणि मार्को कार्बोने यांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. आधी सगळ्यांची मिळून एकच संहिता लिहायची, मग तिच्यातून प्रत्येकाचा भाग वेगळा काढायचा. नाटकात नटाच्या हाती फक्त त्याची नक्कल द्यावी, तसेच हे.

होंडा २०१२ साली वारले. त्यांच्या कल्पनेवर आज रस्ट, स्काला अशा भाषांसाठी साधने निघाली आहेत, पण ती वापरणे प्रोग्रॅमरच्या मर्जीवर. २००९ साली आलेल्या 'गो' भाषेचा कंपायलर निरोपाचा प्रकार तपासतो, क्रम नाही. सगळेच अडकले तर ती तसे सांगते, पण अडकल्यानंतर. आणि थोडेच अडकले असतील, बाकीचे चालू असतील, तर तेवढेही सांगत नाही.