विकतची पाळी

सामाईक विहिरीवर पाणी भरावयाचें, तर पाळी आली. ती पाळी पैसे देऊन पुढें सरकवितां यावी काय, हा प्रश्न गांवकीला जुनाच आहे. आज तोच विद्यापीठांना संगणकांच्या बाबतींत पडला आहे.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचें उदाहरण घ्यावें. तेथें २०१४ च्या जानेवारींत ‘शेरलॉक’ नांवाचा संगणकसमूह सुरू झाला. अनेक संगणक जोडून त्यांजकडून प्रचंड गणितें सोडवून घेणें, हें अशा समूहाचें कार्य. प्रारंभीं सुमारें २,००० कोअर, म्हणजे गणना करणारे गाभे, विद्यापीठांतील संशोधकांना विनामूल्य खुले झाले. किती गाभे व किती तास हवेत, हें सांगून संशोधकानें रांगेंत उभें राहावयाचें. क्रम लावण्याचें काम ‘स्लर्म’ ही प्रणाली करिते. ज्यानें नुकताच पुष्कळ वापर केला असेल, तो मागें सरतो.

परंतु ज्या प्रयोगशाळेपाशीं मोठें अनुदान आहे, तिला थांबणें मानवत नाहीं. ती स्वतःच्या पैशानें संगणक घेऊन समूहांत बसविते. त्या यंत्रांवर तिचा पहिला हक्क. तीं रिकामीं असतां इतर मालकांचीं कामें त्यांवर चालतात. मात्र धनी परततांच पाहुण्याचें काम मध्येंच थांबविलें जातें. तोंवरची स्थिति जपून ठेवली नसेल, तर सारे तास वायां!

या व्यवस्थेंत लाभ आहे, हें नाकारतां येणार नाहीं. महागडीं यंत्रें कोपऱ्यांत निजून राहत नाहींत, आणि धनिक आपल्या यंत्रांकडे वळल्यानें सार्वजनिक रांग कांहींशी हलकी होते.

आतां श्रोत्यांनीं दुसरें चित्र डोळ्यांपुढें आणावें. एका विद्यार्थ्याच्या गुरूपाशीं अनुदान नाहीं. मालकांचीं रिकामीं यंत्रें मालकांनाच खुलीं. त्याला सार्वजनिक रांगेखेरीज थारा नाहीं. संगणक तर कांहीं वर्षांतच जुने होतात. सर्वांसाठींचा भाग विद्यापीठानें वेळोवेळीं नवा केला नाहीं, तर त्याच्या प्रबंधाचा वेग त्याच्या बुद्धीनें नव्हे, गुरूच्या थैलीनें ठरेल.

पाळी विकत देण्यांत पाप नाहीं. पण जो विकत घेऊं शकत नाहीं, त्याचीहि पाळी वेळेवर येते कीं नाहीं, हें पाहणें विद्यापीठाचें कर्तव्य आहे. विहीर सामाईक म्हणविते, ती त्याच बळावर.