लेकीची पीएच.डी. : उपयोग किती आणि खर्च कोणाचा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या गल्लीतली एक मुलगी नांदेडला एम.ए. झाली. आता ‘सार्वजनिक धोरण’ या विषयात पीएच.डी. करायची म्हणते. “आणखी पाच वर्षे शिकून काय करणार, आणि पैसा कोण देणार?” असे तिची आई विचारते. चिटणीसबाईंनी या प्रश्नावर बोलायला मला उभे केले आहे. मी सातवी शिकलेली बाई. परंतु जमाखर्च आपण सगळ्याच जाणतो. त्याच रीतीने मी हा हिशेब मांडते.

प्रथम जमेची बाजू. सरकारने पैसा कशावर खर्चावा, कायदा कसा करावा आणि त्याचा लाभ खरोखर कोणाच्या घरी पोचला, हे तपासण्याचे हे शास्त्र आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या सासवा खडी फोडायला गेल्या होत्या. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात राज्यभर लागू झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशाने तसाच कायदा केला. म्हणजे धोरण चुलीपर्यंत येते.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्याचे. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८४ साली तिने अनुशेषाचा अहवाल दिला. “आमच्यावर अन्याय झाला” एवढेच म्हटले तर ते गाऱ्हाणे होते. रस्ता किती कमी, पाटाचे पाणी किती कमी, हे आकड्याने सांगितले म्हणजे ती मागणी होते. असे आकडे मांडणारी लेक आपल्यातून निघाली, तर हळद शिजवणाऱ्या बाईची मजुरी आणि हंड्याची पायपीटही त्या हिशेबात येईल.

आता पैशाचे पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध याच विषयातला. त्या शिष्यवृत्तीला बडोद्याच्या नोकरीची अट होती. पुढे १९२० साली लंडनला जाताना स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राची उसनवारी अशी जुळवाजुळव त्यांनी केली. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. संशोधनासाठी दुसऱ्याचा पैसा घेण्यात कमीपणा नाही. आणि पैसा घेण्यापूर्वी अट वाचावी.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा आहे. तीत वरच्या गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. २०२३ पासून तिचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये असा आहे. वयोमर्यादेत मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. मात्र जागा ठराविक असतात. त्या वर्षीची जाहिरात पाहूनच भरवसा धरावा. हप्ता दरमहा वेळेवर येईलच असेही नाही. म्हणून सहा महिन्यांची खानावळ निघेल एवढी शिल्लक हाताशी हवी.

खर्चाची बाजू केवळ रुपयांची नाही. २०२२ च्या नियमाप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षांपर्यंतची मुदत आहे. मुलींना आणखी दोन वर्षांची सवलत आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्न झाले म्हणून शिक्षण सोडण्याचे कारण नाही, हे सोयरीक जुळवतानाच सांगून टाकावे. आणि नुसती कॉलेजात शिकवण्याची नोकरी हवी असेल, तर २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, नेट किंवा सेट चालते. तेवढ्यासाठी ही वर्षे घालवू नयेत. नोकरीची हमी तर पदवी कोणालाच देत नाही.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे क्रम असा असावा. आधी नेट द्यावी. अधिछात्रवृत्ती हाती आली की प्रवेश घ्यावा. नांदेडचे विद्यापीठ आपल्याला जवळ आहे. पुण्याची गोखले संस्था १९३० पासूनची आणि मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासूनची. तिथेही अर्ज करावा. मुंबईच्या आय.आय.टी.तही धोरण-अभ्यासाचे केंद्र आहे. नावापेक्षा मार्गदर्शक कोण, त्यांचे विद्यार्थी किती वर्षांत पूर्ण होतात आणि वसतिगृह मिळते का, हे आधी विचारावे. अधिछात्रवृत्ती मिळाली नाही, तर मुलीने नोकरी धरून पुन्हा परीक्षेला बसावे. रान विकून किंवा सावकाराचे काढून पीएच.डी. करू नये.

आणि आयांना एक विनंती. मुलाच्या गाडीसाठी कर्ज काढताना आपण “उपयोग काय?” असे विचारत नाही. लेकीला विचारतो, तर तिचे उत्तरही नीट ऐकून घ्यावे. तिला कोणता प्रश्न शोधायचा आहे, हे तिने आपल्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला समजेल अशा शब्दांत सांगितले, तर तिची तयारी झाली आहे असे समजावे. तिच्या अर्जाची फी आणि परीक्षेच्या गावचे जाण्यायेण्याचे भाडे मंडळाच्या शिलकीतून द्यावे, अशी सूचना मी आजच्या सभेपुढे ठेवते. रक्कम थोडी आहे, पण गावातल्या बायका पाठीशी आहेत एवढे तिला त्यावरून कळेल.