अंग बाहेर येण्याचा विकार : आसन, व्यायाम आणि धीर
(वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



वार्षिक सभेत आम्ही आपणासमोर येतो ते बहुधा आकडे घेऊन. जमाखर्च, शस्त्रक्रियांची संख्या, नवी यंत्रसामग्री हे सारे अहवालाच्या पुढील पानांवर छापलेले आहेच. आज ज्या कामाविषयी बोलावयाचे आहे त्याचे छायाचित्र काढता येत नाही, आणि त्या दुखण्याचा उच्चारही चारचौघांत होत नाही. बाह्यरुग्ण विभागात बाई येते ती कंबरदुखीची तक्रार घेऊन. केसपेपरवर तेच लिहिले जाते. आत दार लागल्यावर मग ती हळूच सांगते, "अंग बाहेर येतं." कधीपासून, असे विचारले तर उत्तर येते, "धाकट्याच्या बाळंतपणापासून." धाकटा तोवर कॉलेजात जाऊ लागलेला असतो.

हे मौन आपल्याच परिसरातील आहे असे नव्हे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तिच्या आधाराने राहतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. पुढे लगेचच डोक्यावर हंडा, पाठीवर ओझे, जुनाट खोकला, शौचाला कुंथणे आणि पाळी गेल्यानंतर येणारी अशक्तता यांची भर पडते, आणि अवयव खाली उतरू लागतात.

कुटुंबीयांची मागणी ठरलेली असते : पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट संपेल. येथे आम्हांला स्पष्ट बोलणे भाग आहे. पिशवी काढल्याने सैल झालेली झोळी घट्ट होत नाही. पिशवी काढलेल्या स्त्रीचाही योनिमार्ग पुढे खाली येऊ शकतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली एवढा गाजला की राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट असा कोणी घेऊ नये. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी मुंबईत राहून याच विकारावर गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. अवयव पूर्ण बाहेर आला असेल, त्यावर जखम झाली असेल, लघवी अडत असेल तर शल्यचिकित्सकाकडेच जावे, आणि विनाविलंब जावे. परंतु पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असलेल्या स्त्रीला दुसरा मार्ग आहे. तो स्वस्त आहे, आणि कंटाळवाणाही आहे.

लघवी व वायू एकदम रोखून धरावा तसे स्नायू आत-वर ओढायचे, जमेल तितके, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे दिवसातून तीन वेळा. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली या व्यायामाविषयी लिहिले. शिकवताना श्वास कोंडू नये, पोट व मांड्या आवळू नयेत, हे आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात, कारण बहुतेक जणी नेमके तेच करतात. ओझे उचलताना आधी स्नायू आवळावेत आणि उच्छ्वास सोडत उठावे. खोकला-शिंक येण्याच्या क्षणीही तसेच आवळावे. अंथरुणातून एकदम न उठता कुशीवर वळून उठावे. कमोड असेल तर पायांखाली पाट घ्यावा. शौचालय कोणतेही असो, कुंथू नये. सायंकाळी जडपणा वाटला की कमरेखाली उशी घेऊन पाऊण तास पडावे. घरातल्या बाईने संध्याकाळी पाऊण तास पडावे हे सांगणे सोपे. घरात ते घडवून आणणे हाच खरा उपचार, असे आमचे मत झाले आहे.

व्यायामाने उतरलेला अवयव जागेवर जाईलच असे नाही, हेही आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. जडपणा, ओढ, लघवीची गळती यांत उतार पडतो, आणि तोही तीन-चार महिन्यांनी. मध्यंतरी पीछेहाट होतेच. दोन महिने चांगले गेलेली बाई भातलावणीच्या आठवड्यानंतर रडत परत येते, "पुन्हा पहिल्यासारखंच झालं." पावसाळी खोकला, जावेचे बाळंतपण, लग्नघरची कामे, निमित्त कोणतेही असो. अशा वेळी तिला बोल लावायचा नसतो. काही दिवस विश्रांती, खोकल्यावर औषध, गरज भासल्यास आधाराची रिंग, आणि पुन्हा पाच आकड्यांपासून मोजणी सुरू. रिंग बसविलेल्या स्त्रीने ठरलेल्या मुदतीत तपासणीस आलेच पाहिजे. विसरलेली रिंग आत जखम करते.

आता हिशेबाचे थोडे. एका शस्त्रक्रियेची पावती फाटते, ती उत्पन्नात दिसते. तेच एका स्त्रीला सहा वेळा बोलावून, दर वेळी अर्धा तास देऊन व्यायाम शिकविला, तर ताळेबंदात उरतो तो केवळ खर्च. म्हणूनच हे काम देणगीवाचून चालणार नाही. आमची मागणी मोठी नाही : एक भौतिकोपचारतज्ज्ञ पूर्ण वेळ, आडपडद्याची एक खोली, रिंगांचा साठा, आणि लांबून येणाऱ्या स्त्रियांसाठी एस.टी.चे भाडे. भाड्याअभावी तिसरी फेरी चुकते, आणि तिसऱ्या फेरीलाच बहुतेकींना व्यायाम नीट जमू लागतो.

कुटुंबीयांना एक विनंती. पुढच्या फेरीला सुनेबरोबर सासूबाईंनीही यावे, आणि शक्य असेल तर पतीनेही. हंडा कोण उचलणार हे ठरविताना ते समोर असलेले बरे. सासूबाईंनी स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. त्यासाठी वेगळा केसपेपर काढला जाईल.