पाइप म्हणजे भिंत नव्हे
(वर्धा जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठक कापसाच्या भावाची आणि हा नळाच्या पाइपाचे काय घेऊन बसला, असे काहींना वाटेल. पण घरातले आजारपण उत्पादन खर्चात कोणी धरत नाही. दवाखान्याचे बिल भरायला मात्र कापूसच विकावा लागतो. म्हणून हा विषय.

नळयोजनांनी गावोगाव प्लास्टिकचे पाइप पुरले. 2019 साली जल जीवन मिशन आल्यावर ते आणखी वाढले. पाइप स्वस्त, गंज नाही, बाईच्या डोक्यावरचा गुंड उतरला. हे सारे चांगलेच झाले. पण पाइपात शिरलेले पाणी बाहेरच्या घाणीपासून सुटले, ही समजूत खरी नाही.

फवारणीच्या औषधाचा किंवा रॉकेलचा प्लास्टिकचा डबा दहा वेळा धुवा. वास जात नाही. का? ते द्रव्य प्लास्टिकच्या अंगात मुरते. जमिनीतल्या काळ्या पॉलिथिनच्या पाइपाचेही तेच होते. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जी औषधे आहेत, त्यांत बहुधा झायलीनसारखे द्रावक असते. ते औषध, पेट्रोल किंवा डिझेल पाइपाशेजारी वारंवार सांडले, तर त्यातला काही भाग भोक नसतानाही पाइपाच्या अंगातून पाण्यात उतरू शकतो. पाणी रात्रभर पाइपात उभे राहिले, तर जास्त. पीव्हीसी याला अधिक दाद देत नाही. पण जोडाला लावायच्या सोल्युशनने तोच पाइप कसा मऊ पडतो, हे तुम्ही पाहिले आहे.

दुसरी गोष्ट खुद्द पाइपाची. पीव्हीसी तापवून ओतताना करपू नये म्हणून त्यात शिशाचे क्षार घालत. युरोपातल्या कारखानदारांनी 2015 पर्यंत ते बंद केले. आपल्याकडे नियम निघाले 2021 साली. त्याआधीचे पाइप जमिनीतच आहेत. प्यायच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. ज्वारीच्या दाण्याचे वजन साधारण 30 मिलिग्रॅम धरा. त्या दाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे शिसे हजार लिटरच्या टाकीला मर्यादेपर्यंत नेते. शिसे लहान लेकरांच्या मेंदूवर जाते. त्याला वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते, शिसे तेवढेच राहते.

तिसरी गोष्ट आपल्या हातची. फवारणीचा ड्रम भरायला नळाची रबरी नळी आपण ड्रमात बुडवून ठेवतो. तेवढ्यात पाणी बंद झाले की पाइपात उलटी ओढ बसते आणि ड्रमातले औषध नळात जाते. पाइपाच्या अंगातून झिरपायला महिने लागतात, याला क्षणही लागत नाही. 2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने माणसे मेली. ते विष आपण शेजाऱ्याच्या माठात पोचवायचे काय?

आपल्या काळ्या मातीचाही यात वाटा आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते. पाइपाचे जोड उकलतात. पाइप नालीतून गेला असेल, तर पुढचे सांगायला नको.

म्हणून आजपासून एवढे करा. नळी ड्रमाच्या काठापासून वीतभर वर धरा. औषध कालवणे आणि पंप धुणे नळाच्या पाइपापासून दूर ठेवा. पाइपावर पऱ्हाट्या जाळू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावी 2018 च्या वणव्यानंतर नळाच्या पाण्यात बेंझीन सापडले. तापलेले, जळलेले प्लास्टिकचे पाइप हे त्याचे एक कारण मानले गेले. सकाळचे पहिले पाणी पिऊ नका, सडा-भांड्याला वापरा. घरासाठी भंगारातून केलेला स्वस्त पाइप घेऊ नका. आयएसआय शिक्का पाहून घ्या.

बाकीचे ग्रामसभेत मागा. गावात पाणी तपासायची जी पेटी येते, तिच्यात फ्लोराइड, नायट्रेट कळते. शिसे कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जायला हवा आणि अहवाल ग्रामसभेत वाचला जायला हवा. पाइप कोणता, कधीचा, शिशाचा की बिनशिशाचा, हेही ग्रामपंचायतीने लेखी सांगावे. पाणीपट्टी आपण भरतो. हिशेब मागणे ही भीक नव्हे.