आपलें गणित आपण तपासावें

बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशींत वसलेलीं बीड जिल्ह्यांतील कित्येक गांवें दिवाळीच्या सुमारास निम्मीअर्धी रिकामीं होतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील कुटुंबें संसाराचें बोचकें बांधून ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परत येतात. मोठ्यांबरोबर मुलेंहि जातात. कांहीं मुलांसाठीं गांवांत हंगामी वसतिगृहें चालतात, कांहीं कारखान्यांवर साखरशाळाहि भरल्या आहेत; तरीसुद्धां ज्यांचें पुस्तक एकदां मिटलें तें पुढल्या गुढीपाडव्यापर्यंत मिटलेलेंच राहतें, अशीं मुलें थोडीं नाहींत.

अशी एखादी दहा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढें आणावी. पहाटे आईबाप फडांत गेले म्हणजे धाकट्या भावाला सांभाळणें आणि कोपींतलें पाणीलाकूड पाहणें हें तिचें काम. दुपारीं तिला घटकाभर सवड मिळते. पाटी आहे, पेन्सिलीचा तुकडा आहे. तिनें एक वजाबाकी मांडली आणि उत्तर काढलें. आतां तें बरोबर कीं चूक, हें तिला कोणीं सांगावें? शाळेंत गुरुजी तांबड्या पेन्सिलीनें खूण करतात, पुस्तकाच्या अखेरीस उत्तरें छापलेलीं असतात. येथें दोन्ही नाहींत. सरावानें विद्या पक्की होते असें आपण म्हणतों. परंतु सराव चुकीचा असला तर चूकहि तितकीच पक्की होते, याचा आपणांस विसर पडतो.

हा प्रश्न केवळ परीक्षेंतील गुणांचा नाहीं. ऊसतोडीच्या व्यवहारांत नवराबायकोच्या जोडीस एक 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची, तोडलेल्या उसाच्या वजनावर टनाप्रमाणें मजुरी मिळवावयाची, त्या मजुरींतून उचल वळती करावयाची, आणि उरेल तें घेऊन, किंवा फिटलें नसेल तें डोक्यावर घेऊन, घरीं परतावयाचें. म्हणजे सारा हंगाम ही एक लांबलचक बेरीज आणि तिच्या शेवटीं एक मोठी वजाबाकी आहे. वही मात्र बहुधा मुकादमाच्या हातीं असते. ज्या घरांत ही वजाबाकी करणारें आणि ती तपासणारें एखादें मूल आहे, त्या घराला निदान योग्य ठिकाणीं बोट ठेवून प्रश्न विचारतां येतो.

तेव्हां मुलांस अशीं गणितें द्यावींत, कीं उत्तर खरें कीं खोटें याची खूण त्या उत्तरांतच असावी. अशा गणितांची खाण महाराष्ट्रांतील एका शाळामास्तरानें उघडून ठेविली आहे. त्यांचें नांव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. डहाणू येथें १९०५ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळालीस शिक्षकाची नोकरी केली आणि फावल्या वेळांत आंकड्यांशीं मैत्री केली. त्यांचा जो शोध पुढें जगभर गेला, तो निव्वळ वजाबाकीचा आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या हाताशीं कागद असेल त्यांनीं तो घ्यावा. कोणतेहि तीन आंकडे निवडावे. तिन्ही सारखे मात्र नसावे. समजा, ४, १ आणि ३ घेतले. त्यांपासून होणारी मोठ्यांत मोठी संख्या ४३१ आणि लहानांत लहान १३४. मोठींतून लहान वजा केली कीं २९७ उरतात. आतां या उत्तराकडे नीट पाहावें. मधला आंकडा ९ आहे, आणि कडेच्या दोन आंकड्यांची, म्हणजे २ व ७ यांची, बेरीजहि ९ आहे. आंकडे कोणतेहि घेतले तरी या दोन खुणा चुकत नाहींत. उत्तर ९९ आलें, तर मागें शून्य मांडून तें ०९९ असें लिहावें, म्हणजे तेंहि या नियमांत बसतें.

याचें कारण मुलालाहि समजण्यासारखें आहे. मोठ्या संख्येंत एकंच्या घरीं सर्वांत लहान आंकडा असतो, म्हणून तेथें नेहमीं दहंकडून एक उसना घ्यावा लागतो. दहंच्या घरीं वरखालीं तोच आंकडा. त्यांतला एक उसना गेल्यामुळें वरचा आंकडा एकानें उणा पडतो आणि त्याला शतंकडे हात पसरावा लागतो. दहा मिळाले, एक आधींच दिलेला, उरले ९. म्हणजे मधला ९ हा उसनवारीचा साक्षीदार आहे.

आतां मुलें वजाबाकींत कोठें चुकतात तें पाहावें. उसना घेणें टाळण्यासाठीं कांहीं मुलें प्रत्येक घरीं लहान आंकडा मोठ्यांतून काढतात. त्यांचें उत्तर ३०३ येतें. कांहीं मुलें एकंसाठीं उसना घेतात, पण दहंमधून तो कमी करावयास विसरतात. त्यांचें उत्तर ३०७ येतें. या दोन्ही उत्तरांत मध्यें ९ नाहीं, म्हणून चूक तेथेंच उघडी पडते. तिसऱ्या प्रकारचीं मुलें शतंमधील एक कमी करावयास विसरतात. त्यांचें उत्तर ३९७ येतें. मधला ९ बरोबर आला, पण कडेच्या ३ व ७ यांची बेरीज दहा झाली. म्हणजे खूण चूक झाली एवढेंच सांगून थांबत नाहीं, ती कोणत्या घरीं झाली असावी तेंहि सुचविते. तांबड्या पेन्सिलीच्या फुलीला हें साधत नाहीं.

बेरजेसाठीं याच उत्तराचे आंकडे उलट क्रमानें लिहून त्यांत मिळवावे. २९७ आणि ७९२ मिळून १०८९ होतात, आणि वजाबाकी बरोबर असेल तर हें उत्तर नेहमीं १०८९ असेंच येतें. हातचा विसरलेल्या मुलास ९८९ मिळतील व त्याची चूक त्याच्या ध्यानीं येईल.

खेळ आणखी पुढें नेतां येतो. २९७ चे आंकडे पुन्हां लावून ९७२ मधून २७९ वजा करावे, ६९३ येतात. त्यांपासून ९६३ उणे ३६९, म्हणजे ५९४. मग ९५४ उणे ४५९, म्हणजे ४९५. येथें गाडी थांबते, कारण ४९५ पासून पुन्हां ४९५ च निघतात. चार आंकड्यांच्या संख्येंत हेंच स्थान ६१७४ चें आहे. चारही आंकडे सारखे नसले, आणि मध्यें येणारीं शून्यें न गाळतां चार घरें कायम ठेविलीं, तर अधिकांत अधिक सात वजाबाक्यांत तेथें पोंचतां येतें. कापरेकरांनीं हा शोध १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडला, आणि १९७५ सालीं मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें आपल्या सदरांत त्यांची ओळख करून दिल्यावर त्यांचें नांव दूरदूर पोंचलें.

येथें एक सावधगिरी हवी. शेवटीं ४९५ आले, म्हणून मधल्या साऱ्या पायऱ्या बरोबर होत्या असें समजूं नये. वाटेंत एखादी वजाबाकी चुकली, तरी पुढच्या पायऱ्या बरोबर केल्या म्हणजे मूल त्याच मुक्कामाला येऊन पोंचतें. म्हणून प्रत्येक पायरीवर मधला ९ आणि कडेचे मिळून ९ या खुणा पाहाव्या. दोन चुका एकमेकींना झांकतील असाहि प्रसंग क्वचित् येतो. त्यासाठीं आलेल्या उत्तरांत वजा केलेली संख्या पुन्हां मिळवून मूळची संख्या येते कीं नाहीं, तें पाहावें. उलट दिशेनें चालून गणित सोडविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचिलेल्या 'लीलावती'मध्यें विलोमविधि म्हणून ती सांगितली आहे.

व्यवहारांतील बेरजेला आडवी-उभी रीत चांगली. समजा, सोमवारीं आईनें वाढ्यांच्या २७ पेंढ्या बांधल्या व थोरल्या बहिणीनें ३८. मंगळवारीं आईनें ४५ व बहिणीनें १६. दिवसवार बेरजा ६५ व ६१, एकूण १२६. माणसांप्रमाणें बेरजा ७२ व ५४, एकूण पुन्हां १२६. दोन वाटांनीं एकाच ठिकाणीं पोंचलें, म्हणजे बेरजेवर भरंवसा ठेवावयास हरकत नाहीं. मात्र मुळांत ३८ च्या जागीं २८ लिहिले असतील, तर दोन्ही बेरजा गुण्यागोविंदानें जुळतील आणि हिशेब खोटाच राहील. बेरीज तपासतां येते, नोंद तपासतां येत नाहीं. म्हणून वजन झालें कीं त्याच ठिकाणीं आपली नोंद आपण करावी, हा धडाहि या कोड्यांतच आहे.

चूक वस्तूनेंच दाखवावी, माणसानें नव्हे, हें तत्त्व मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें काढलेल्या बालगृहापासून प्रसिद्ध आहे. लाकडी ठोकळा चुकीच्या खांचेंत बसला, तर शेवटचा ठोकळा उरतो आणि मूल आपण होऊन पुन्हां लावूं लागतें. महाराष्ट्रांत या विचाराला ताराबाई मोडक यांनीं गरिबांच्या अंगणांत नेलें. कोसबाडला त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा चालविली. मूल शाळेंत येईना, तेव्हां शाळा कुरणांत गेली. जेथें शाळा उसाच्या फडापर्यंत पोंचत नाहीं, तेथें निदान असें गणित पोंचावें. त्याला ना फळा लागतो, ना छापील पुस्तक. गांव सोडण्यापूर्वीं शिक्षकानें चार रीती आणि त्यांच्या खुणा मुलांस शिकविल्या, तर पाटीबरोबर तपासनीसहि जातो.

शहरांतील सुशिक्षित घरांसहि यांत घेण्यासारखें आहे. पूर्वीं दिवेलागणीला परवचा होई. पाढे, पावकी, निमकी यांचा घोष चाले आणि कोठें चुकलें तें वडील माणसें सांगत. आतां संध्याकाळीं पांच मिनिटें मुलासमोर तीन आंकडे ठेवावे. उत्तर आलें, तर 'चुकलास' किंवा 'शाबास' कांहींच म्हणूं नये. 'मधला आंकडा कोणता आला?' एवढेंच विचारावें. मूल पाटीकडे पाहील, थबकेल, आणि न सांगतां पुसून पुन्हां मांडूं लागेल. पुढें तो प्रश्नहि विचारावा लागणार नाहीं.

असें वळण पडलेली ती दहा वर्षांची मुलगी हंगामाच्या अखेरीस हिशेबाच्या वेळीं बापाशेजारीं बसली, तर तिला मोठ्यानें बोलावयाची गरज नाहीं. उचल किती, मजुरी किती, बाकी किती, हें तिच्या पाटीवर एकदां वजा करून आणि एकदां मिळवून पाहिलेलें असेल.